नाशकात बसून मांडलेली ओहोटी

नाशिकरोड,
सोमवार, ३ मार्च २०२५

सौ. मंजुषेस,
स. न. वि. वि.

पत्रास कारण की, या घरातली चहाची गाळणी नाहीशी झाली आहे. तू गेल्यापासून मी चहा रुमालातून गाळतो आहे. पहिले दोन दिवस रुमालाला चहाचा वास येत होता, आता चहाला रुमालाचा येतो. संशयित दोनच, तू आणि तुझी कन्या वेदिका, आणि दोघीही सायकलवरून फरार. घरात अजून दोन गाळण्या आहेत असा बचाव तू करशील, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो की त्यातली एक ताकाची आहे आणि दुसरीला इतकं मोठं भोक आहे की तिला गाळणी म्हणणं हा केवळ सौजन्याचा भाग आहे.

बाकी सर्व क्षेम. फ्रिजमधल्या डब्यांवर तू वार लिहून गेलीस ते वाचून दोन्ही वेळा जेवतो. आजच्या डब्यात लाल भोपळा निघाला. तुझ्या गैरहजेरीतही सोमवार हा सोमवारच राहील याची तू नीट व्यवस्था केलेली दिसते.

शेजारच्या शुभांगीवहिनींनी काल जिन्यात विचारलं की भाऊ, तुम्ही का नाही गेलात. मी म्हटलं, ज्या वाहनाला पाठ टेकायला जागा नाही ते वाहन मी परमार्थासाठीसुद्धा वापरणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या की ताई तर अठरा वर्षं एकलहऱ्याच्या ऑफिसात सायकलनेच जातात. मी म्हटलं, खरं आहे, पण एकलहऱ्यात वीज तयार होते, कासवं नाहीत. कासवं बघायला रेवदंड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने जायचं, तेही पक्षी दिसला की उतरायचं, म्हणजे हा प्रवास मार्चअखेर संपला तरी नवल.

फोन बंद ठेवून संध्याकाळी फक्त 'पोहोचलो' एवढंच कळवायचं आणि बाकी सगळं पत्रातून, ही वेदिकेची अट मला मान्य करावीच लागली. वीस वर्षं वर्गात ओरडतो आहे की लोक पत्र लिहायला विसरले. हे कोणी मनावर घेईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

माझं भरती-ओहोटीचं कोष्टक हँडलला नीट चिकटवलं आहे ना? पंचांग पुढे ठेवून तीन रविवार घातले आहेत त्यात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता समुद्र तळाला गेलेला असतो, वाळू टणक होते आणि सायकल डांबरी रस्त्यासारखी चालते. शनिवारी द्वितीया होती, म्हणजे दीड वाजता तुम्हाला मोकळी वाळू मिळाली असणार आणि चारला मुक्काम गाठला असणार. प्रत्यक्षात 'पोहोचलो' आलं पावणेनऊला. मधले पावणेपाच तास कोकम सरबताच्या टपऱ्यांवर खर्ची पडले असा माझा तर्क आहे.

आमच्या पक्षीपंडितांना, म्हणजे तुझ्या लेकीला, सांग की त्यांच्या ज्ञानात भर पडत असेल तर आम्हा अज्ञ जनांनाही कळवत जा. दिवाळीत गावी चांदवडला भर अंगणात मी दाखवलेल्या चातकाचा त्यांनी कोतवाल पक्षी करून टाकला, तेव्हापासून मी तारेवर बसलेल्या कुठल्याही जीवाचं नाव घेण्याचं सोडून दिलं आहे.

हे पत्र श्रीवर्धनच्या पत्त्यावर टाकतो. लोभ आहे तो राहू दे, गाळणी मात्र परत कर.

तुझा,
गोरक्ष


वेळास,
सोमवार, १० मार्च

श्री. गोरक्षनाथ यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र श्रीवर्धनला मिळालं. आरोपी क्रमांक दोनने गुन्हा कबूल केला आहे. तुमची लेक गाळणीने वाळू चाळून बारीक शिंपले गोळा करते. एवढी उपयोगी ती आपल्या घरात कधीच नव्हती. परत आणीन, पण त्यातून चहा प्यावासा वाटेल की नाही ते तुम्हीच ठरवा.

इथे कासवांसाठी आलोय. किनाऱ्यावर जाळीचं कुंपण घातलंय, आत प्रत्येक घरट्यावर वेताची टोपली पालथी घातलेली. सकाळी आणि संध्याकाळी गावातली पोरं टोपल्या उचलून बघतात. काल संध्याकाळी एका टोपलीखाली चौदा पिल्लं निघाली, भाकरीच्या गोळ्याएवढी. वाळूवर सोडली की सरळ पाण्याकडे चालायला लागतात. त्यांना कोणी रस्ता सांगत नाही, कोणी त्यांची वाट बघत नाही. एक पिल्लू उलट्या दिशेला निघालं होतं. बघणारी माणसं हसली, पण वेदिका हसली नाही. पिल्लू वळेपर्यंत ती तिथे उकिडवी बसून राहिली.

परवा हरिहरेश्वरच्या अलीकडे धनेश दिसला, तो मोठ्या चोचीचा. याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, नर बाहेरून महिना दोन महिने तिला फळं भरवतो. वेदिका म्हणाली की आपल्या घरी याच्या उलट आहे, नर आत कोंडलेला आणि मादी डब्यांवर वार लिहून गेलेली. मी तिला म्हटलं, बाबांना कळवते. कळवलं.

खाडीच्या काठाला पाणमांजरांची जोडी पाहिली. एक मासा खात होतं आणि दुसरं त्याला उपदेश करत असावं असं वाटलं. मला उगाच आपल्या बैठकीची आठवण झाली.

तुमचं कोष्टक रोज वापरतो. कसं वापरायचं ते एकदा लक्षात आल्यापासून ते एकदाही चुकलेलं नाही. त्या शनिवारी उशीर झाला खरा. वाटेत थोडं पाणी लागलं. सरबताच्या टपऱ्या नव्हत्या, असत्या तर बरं झालं असतं.

उजेड कमी आहे, ओळी कुठे चालल्यात ते मला दिसत नाही. तुम्ही अक्षराला नावं ठेवाल हे गृहीत धरून थांबते. गोळ्या वेळेवर घ्या. पुढचं पत्र गुहागरला पाठवा. आमच्यावर लोभ असू द्या, भोपळ्यावरही थोडा असू द्या.

आपली,
मंजुषा


नाशिकरोड,
शुक्रवार, १४ मार्च, धुळवड

सौ. मंजुषेस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. आधी दोन्ही हातांनी धरून वाचलं, मग आडवं धरून, शेवटी लांब उभं राहून. कासवाचं पिल्लू शाईत बुडवून कागदावर सोडलं असतं तरी ओळ याहून सरळ आली असती. कोकणच्या रस्त्यांचा अक्षरावर असा परिणाम होतो हे मला नवीन आहे. अकरावीच्या मुलांना अक्षराचं महत्त्व सांगताना नमुना म्हणून तुझं पत्र वर्गात न्यावं असा मोह झाला. तूर्त आवरला आहे.

पाणमांजराचा टोला पोचला. माझ्या पक्षाचं एवढंच म्हणणं आहे की मासा खाणाऱ्यालाच उपदेशाची जास्त गरज असते.

कोष्टक चुकलं नाही हे तू लिहिलंस ते वाचून समाधान झालं. इतकं, की परवा शिक्षकांच्या खोलीत मी ते सगळ्यांना समजावून सांगितलं. पाठशाळेत माझ्याबरोबर एक कोकणातला मुलगा होता, त्याच्याकडून ऐकलेलं हे गणित मी पस्तीस वर्षं डोक्यात जपून ठेवलं होतं. फळ्यावर तिथ्या मांडल्या, पाऊणपट करून दाखवली. भूगोलाच्या मीनाबाई कोपऱ्यातून हळूच म्हणाल्या की सर, पाऊणपटीने येते ती भरतीची वेळ ना. मी म्हटलं, मीनाबाई, तुमचा भूगोल सिन्नरच्या पुढे गेलेला मला माहीत नव्हता, समुद्र कधी पाहिलात का. सगळे हसले, त्याही हसल्या. मग वह्या तपासायला बसल्या. बिचाऱ्या चांगल्या आहेत, पण पुस्तकातलं ज्ञान आणि परंपरेतलं ज्ञान यात फरक असतो.

आता तू म्हणशील, समुद्र तुम्ही तरी कुठे पाहिलात. लग्नानंतर गणपतीपुळ्याला पाहिला होता. तेव्हा तो भरतीत होता की ओहोटीत हे पाहण्याचं आमचं वय नव्हतं.

पक्षीपंडिता उलट चाललेल्या पिल्लापाशी बसून राहिल्या, हे त्यांच्या स्वभावाला धरून झालं. उलटं चाललेलं काही दिसलं की त्या दुरुस्त करायला जातातच. पिल्लाचं नशीब, की ते चांदवडच्या अंगणात नव्हतं.

इथे शुभांगीवहिनींच्या घरून पुरणपोळी आली. तुझ्या शुक्रवारच्या डब्यात दुधी होता. मी दोघांना न्याय दिला, पण समान नाही.

लोभाची बाब अशी आहे की तो इथे भरपूर साठला आहे, नेणारं कोणी नाही. लवकर यावं.

तुझा,
गोरक्ष


गुहागर,
मंगळवार, १८ मार्च

श्री. गोरक्षनाथ यांना,
सा. न. वि. वि.

मीनाताईंना एक किलो द्राक्षं नेऊन द्या. निवडून, मोठी. आणि देताना सगळ्यांसमोर द्या.

त्या बरोबर आहेत. तुम्ही जिथे ओहोटी लिहिली आहे तिथे समुद्र तुडुंब भरलेला असतो, आणि जिथे भरती लिहिली आहे तिथे वाळूवर पोरं क्रिकेट खेळत असतात. सगळं कोष्टक अगदी मिनिटाला मिनिट उलटं आहे. त्यामुळेच ते एवढं उपयोगी पडतं. अर्धवट चुकलं असतं तर आमचे हाल झाले असते. तुम्ही पूर्ण चुकलात, आम्ही रोज कागद वाचतो, बरोबर त्याच्या उलट वागतो आणि कोरड्या पायांनी मुक्कामाला पोचतो. कसं वापरायचं ते लक्षात आलं असं मी लिहिलं होतं ते हेच.

मला मनातून वाटतच होतं. आपल्या नाशकात पाणी वाढतं ते धरणातून सोडलं की. त्यात चंद्राला कोणी विचारत नाही. गोदेची पातळी पेपरात वाचणाऱ्या माणसाने समुद्राला वेळापत्रक द्यावं आणि समुद्राने ते निमूटपणे पाळावं, असं फक्त आपल्याच घरात ठरू शकतं.

पहिल्या शनिवारी पाय भिजले तेव्हा हे कळलं. जास्त काही झालं नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आणि कृपा करून नवं कोष्टक करू नका. आम्हाला जुन्याची सवय झाली आहे.

काल सकाळी खाडीवर समुद्रगरुड पाहिला. पांढरं पोट, एवढे मोठे पंख. तो पाण्यावर आला, पायांनी मासा उचलला आणि गेला. वेदिका दिवसभर त्याबद्दल बोलेल असं वाटलं होतं, पण ती फार बोलत नाही हल्ली. मी विचारलं तर म्हणते, दमलेय.

वेंगुर्ल्याला अठ्ठावीसला पोचू, पाडव्याला घरी. वाटेतला पुढचा पत्ता पाकिटामागे लिहिला आहे. लोभ भरतीचा असावा, वेळ तेवढी आम्ही ठरवू.

आपली,
मंजुषा


गुहागर,
१८ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी वेगळ्या पाकिटात टाकतेय. आईचं पत्र तिने मला वाचायला दिलं. पाय भिजले असं तिने लिहिलंय. तेवढंच झालेलं नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी तुमच्या कागदाप्रमाणे आम्ही दुपारी एक वाजता वाळूवर उतरलो. दोन गावांच्या मधे एका बाजूला डोंगराचा कडा आणि दुसरीकडे समुद्र असा तुकडा आहे. निम्म्यात आलो तेव्हा पुढची वाळू संपली होती आणि मागे वळलो तर मागचीही. एक ओहोळ ओलांडायचा होता. घोट्याएवढा दिसत होता, आत पाय टाकला तर कमरेएवढं पाणी. आईच्या हातात पिशवीचा पट्टा गुंडाळलेला होता. लाट आली, सायकल आडवी झाली, पिशवीत पाणी भरलं आणि त्या वजनाने आई ओढली गेली. तिचं डोकं दोनदा पाण्याखाली गेलं. मी माझी सायकल सोडून दिली आणि तिच्या मनगटावरून पट्टा सोडवला. किती वेळ लागला सांगता येत नाही. मग आम्ही कड्याच्या एका खडकावर चढून बसलो आणि पाणी उतरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाचपर्यंत, तिथेच होतो. सायकली नंतर वाळूत सापडल्या. आईचा जवळचा चष्मा गेला. दुसरा अजून केलेला नाही. तिचं अक्षर त्यामुळे तसं येतं. तुमचं धुळवडीचं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा ती हसली आणि नंतर खूप वेळ केस विंचरत बसली.

खडकावर ती मला म्हणाली की बाबांना सांगू नकोस, ते थट्टा करतील आणि मग मलाही हसावं लागेल, आणि मला अजून हसू येत नाहीये.

आता मला जे सांगायचंय ते. मला आदल्या संध्याकाळीच माहीत होतं.

आम्ही अक्काबाई म्हणून एका कोळीणबाईंच्या घरी उतरलो होतो. आई अंघोळीला गेली होती. अक्काबाईंनी हँडलवरचा कागद बघून विचारलं की यात काय लिवलंय गो. मी उद्याची वेळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या की दीडला तर आमच्या होड्या खाडीत आत येतात, तेव्हा पाणी पुरं भरलेलं असतं, त्यातून कालच अमावास्या झालेली, उद्या पाणी मोठं, वाळूवर जायचं तर सकाळी सातला जावा नाहीतर रस्ता धरा. मी लगेच मनात पाऊणपट केली. त्यांचं बरोबर होतं. तुमचं गणित बरोबर आणि अर्थ उलटा, हे मला तिथेच कळलं.

सकाळी मी आईला म्हटलं की आपण रस्त्याने जाऊया का. तिने विचारलं, का. मी म्हटलं, सहज. ती म्हणाली की अगं बाबांनी तीन रविवार घातलेत त्यात. मी गप्प बसले.

का गप्प बसले ते मी खडकावर खूप वेळ शोधत होते. दिवाळीत तो कोतवाल होता, बाबा. शेपूट दुभंगलेली होती. मी एकदाच म्हटलं, तेही हळू. त्यानंतर चार दिवस तुम्ही सगळ्यांसमोर मला विचारत होतात की पंडिताबाई, ही कांद्याची भजी कांद्याचीच आहेत ना, तपासून सांगा. गावाकडचे सगळे हसत होते, मीसुद्धा. वाईट नव्हतं काही. पण तेव्हापासून तुमचं काही चुकलंय असं दिसलं की माझ्या डोक्यात आधी ते चार दिवस येतात. त्या सकाळी मला वाटलं की पाणी एवढं नसेलच, आणि असलं तर बघू. कागद चुकलाय म्हटलं असतं तर आईने तुम्हाला लिहिलं असतं, आणि मग पुन्हा तेच.

मला माहीत होतं हे आईला अजून माहीत नाही. रोज सांगायचं ठरवते आणि रोज राहून जातं. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय. तुम्ही रागावलात तर चालेल. फक्त यावर काही गमतीचं लिहू नका.

आईची तब्येत आता ठीक आहे. रात्री झोप लागते. माझ्यावर लोभ ठेवाल ना, हे या वेळी रीत म्हणून विचारत नाहीये.

तुमची,
वेदिका


नाशिकरोड,
शनिवार, २२ मार्च २०२५

चि. वेदिकेस,
अ. उ. आ.

दोन्ही पत्रं काल एकाच वेळी आली. आईचं आधी उघडलं. ते वाचून हसलो आणि लगेच उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. एक बरा परिच्छेद सुचलाही होता. मग तुझं उघडलं.

कालपासून फोन चारदा हातात घेतला. संध्याकाळी तुम्ही तो उघडता ती वेळ मला ठाऊक आहे. पण फोनवर मी काय बोललो असतो हेही मला ठाऊक आहे. पहिल्या दुसऱ्या वाक्याला मी काहीतरी विनोद केला असता, कारण घाबरलो की मला दुसरं काही येत नाही. म्हणून लिहितो आहे. या पत्राचे तीन कागद फाडले, हा चौथा.

आईचा चष्मा वेंगुर्ल्याला जाण्याआधी वाटेत जे मोठं गाव लागेल तिथे करून घ्या. नंबर लिहिलेला जुना कागद कपाटात सापडला, त्याची नक्कल सोबत जोडली आहे. तिच्या अक्षराबद्दल मी जे लिहिलं ते तिला परत वाचून दाखवू नकोस. जमलं तर ते पत्र माझ्यासाठी फाडून टाक.

आज सकाळी शाळेत गेलो. शिक्षकांच्या खोलीत सगळे असताना मीनाबाईंना म्हटलं की तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं, आणि त्या चुकीपायी माझी बायको आणि मुलगी पाण्यात पडल्या. कोणी हसलं नाही. मीनाबाई म्हणाल्या की सर, मला तेव्हाच खात्री होती, पुन्हा म्हणायला हवं होतं मी. मी विचारलं, मग का नाही म्हणालात. त्यांनी पुढची वही तपासायला ओढली, आणि मला उत्तर समजलं. द्राक्षं दिली. त्यांनी घेतली.

तो कोतवाल होता. शेपूट मलाही दिसली होती.

तू आईला सांगावंस की नाही, हे मी ठरवणार नाही. सांगशील तेव्हा एवढं ध्यानात ठेव की तू एक सकाळ गप्प बसलीस. ती सकाळ तयार करायला मला बरीच वर्षं लागली आहेत. या घरात माझी चूक दाखवणाऱ्यावर मी कधी ओरडलो नाही, कधी हात उचलला नाही, याचा मला अभिमान होता. मी फक्त सगळ्यांना हसवत होतो. त्यात ज्याच्यावर हसायचं त्यालाही हसावं लागतं, हे तुझ्या आईने खडकावर बसून ओळखलं. मला पन्नास वर्षांत ओळखता आलं नाही.

कोष्टक हँडलवरून काढून टाका. उरलेल्या वाटेवर पाणी दिसलं की तिथल्या माणसाला विचारा, आणि त्याने सांगितलं तसं करा. पाडव्याला मी नाशिकरोड स्टँडवर उभा असेन, सायकली उतरवून घ्यायला. पाठ टेकायला जागा नसली तरी एक मी घरापर्यंत चालवत आणीन.

तुझ्यावर लोभ आहे. तो तुला विचारावा लागला ही माझी नाचक्की आहे, ती मी घेतो. आता शेवटचं लिहितो आणि पाकीट बंद करतो, नाहीतर हेही मी सजवत बसेन.

समुद्राचं मला काही वाटत नाही. तो येतो आणि जातो, आणि आता त्याची वेळ तुला माझ्यापेक्षा नीट कळते. काळजी मला एकाच गोष्टीची वाटते. पुढे पाणी आहे हे तुला माहीत होतं, आणि बाबा चुकले असं म्हणण्यापेक्षा त्या पाण्यात उतरणं तुला सोपं वाटलं.

तुझा,
बाबा